अंतराळवीरांचा शोकफलक

पाटोद्यात किंवा आसपासच्या वाड्यांवर कुणी वारलं, की लांबच्या पाहुण्यांच्या आधी मला फोन यायचा. आवाज रडका असायचा, पण बोलणं कामाचं. "अप्पा, मामा गेले. फोटो धाडलाय. दुपारपर्यंत बोर्ड पायजे." मी आधी हळहळायचो आणि लगेच विचारायचो, बोर्ड केवढा? वीसेक वर्षं हे केलं. आता डोळे थकले म्हणून दुकान बंद केलंय. तरी फोन वाजला की हात आपोआप कागद-पेन्सिलीकडं जातो. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, माझ्या धंद्यात निम्मं दुसऱ्यांचं दुःख आहे, दिवाळीला चालेल का? ते म्हणाले, वाचताना हसू येत असेल तर चालेल. येतं की नाही ते तुम्हीच बघा.

मी मूळचा चौसाळ्याचा. वडलांचं किराणा दुकान होतं. आमच्या लिंगायतांच्या घरात पोरानं तराजू धरायचा, मी ब्रश धरला. वडील म्हणायचे, पाट्या रंगवणाऱ्याला कोण पोरगी देईल? दिली कुणीतरी. पाटोद्याला स्टँडजवळ दुकान टाकलं आणि दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, दवाखान्याच्या वेळा, सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेला. वयाच्या चाळिशीत मी कॉम्प्युटर शिकलो.

धंदा बाहेरच्यांना वाटतो तेवढा सोपा नाही. छापायचं मशीन बीडला. आपण इथं फोटो कापून, अक्षरं बसवून फाइल पाठवायची. दुपारच्या एसटीनं गुंडाळी येते, ती लाकडी चौकटीवर ताणून ठोकायची. श्रद्धांजलीच्या बोर्डाची ठरलेली मांडणी असते. वर लाल ठळक 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला हार, दोन्ही बाजूंना समया, मागं ढग. खाली 'शोकाकुल' म्हणून नावं. गेलेल्या माणसाचं एक नाव आणि रडणाऱ्यांची चाळीस, आणि भांडणं सगळी त्या चाळिसांची. कुणाचं नाव कुणाच्या वर आलं, यावरून सख्खे चुलतभाऊ माझ्या दुकानात एकमेकांच्या अंगावर गेलेले मी बघितलेत. मयत बिचारं कधी तक्रार करत नाही.

एक गिऱ्हाईक मात्र स्वतःचाच बोर्ड करायला आलं होतं. धडधाकट माणूस, सत्तरीचा, पूर्वी तालुक्याला कारकून होता. म्हणाला, "पोरं मतदान कार्डावरचा फोटो लावतील अप्पा, मी त्यात चोरावानी दिसतो. आत्ताच चांगला लावून ठेवा." त्यानं गॉगल घातलेला फोटो आणला होता. मी फाइल तयार करून ठेवली. तो दर दोन वर्षांनी येऊन फोटो बदलून जायचा. माझं दुकान बंद झालं तेव्हा सगळ्यात जास्त तोच हळहळला.

पण मला सांगायचंय ते उषा मॅडमच्या बोर्डाचं. तशी ऑर्डर मला आयुष्यात एकदाच मिळाली आणि तशी चूकही मी एकदाच केली.

उषा मॅडम पाटोद्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका वाडीतल्या शाळेत शिकवायच्या. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून मला बघून हसतात. मॅडमचं माहेर धनगराचं. लहानपणी आठ-आठ महिने मेंढरांमागं रानात राहिलेल्या. त्यांच्या वडलांना घड्याळ माहीत नव्हतं, पण आभाळाकडं बघून पहाट किती लांब आहे ते सांगायचे. आश्रमशाळेत असताना मॅडमनी ठरवून टाकलं होतं की आपण वर, अंतराळात जायचं. त्याच वर्षी तिकडून परत येताना एक परदेशी यान आभाळातच फुटलं आणि आतले सातही जण गेले. त्यात दोन बाया होत्या, एक आपल्या देशात जन्मलेली. मॅडमनी पेपरातला फोटो कापून वहीत ठेवला होता. पुढं शिक्षिका झाल्या, लग्न झालं, बदल्या झाल्या, पण ते कात्रण त्यांच्याबरोबर फिरत राहिलं.

जानेवारीच्या शेवटी त्या ते कात्रण घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, एक फेब्रुवारीला त्यांची आठवण करायची आहे. वाडीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली आहेत, पोरं आज्या-आजोबांजवळ आहेत, त्या पोरांना आभाळ दाखवायचंय. बोर्ड फाट्यावर लावायचा, म्हणजे म्हातारीकोतारीही कार्यक्रमाला येतील.

मी कागद ओढला आणि सवयीनं विचारलं, "खाली शोकाकुल कोण टाकायचं?"

मॅडमनी कात्रणाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "समस्त गावकरी."

मी मान डोलावली. त्यांनी सांगितलं होतं की यान मोठं दाखवा, आणि कात्रणातला नारिंगी पोशाखातला फोटो आहे तसाच ठेवा. पण मला वीस वर्षांचा अनुभव ना. मला वाटलं, श्रद्धांजलीला नारिंगी रंग शोभत नाही. मी पोशाख कापून टाकले, सातही चेहरे वेगळे केले, काळेपांढरे केले, सात गोलांत बसवले आणि प्रत्येकाला झेंडूचा हार घातला. यान कोपऱ्यात उभं केलं. ते इतकं बारीक झालं की लांबून समईच वाटायचं, आणि दुसऱ्या बाजूला खरी समई होतीच, त्यामुळं जोडी छान जमली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हातभर उंचीच्या अक्षरात. नावं परदेशी, जोडाक्षरांची, म्हणून बारीक. आणि 'अंतराळवीरांना' हा शब्द, ज्याच्यावर सगळं अवलंबून होतं, तो मी वेलबुट्टीच्या नाजूक अक्षरात टाकला. नवीन अक्षर आणलं होतं, कुठंतरी वापरायची हौस होती.

ब्रशचं काम शिकताना माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं की पाटी लिहून झाली की वीस पावलं मागं जायचं आणि बघायचं. कॉम्प्युटरपुढं बसून मी ती वीस पावलं विसरलो.

आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन बोर्ड उभा केला. फाट्यावर दोन बांबू रोवले, चौकट बांधली आणि समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. काम चांगलं झालं म्हणून खुशीत होतो. एक मेंढरांचा कळप गेला. कळपामागचा माणूस थांबला, बोर्डाकडं बघितलं, टोपी काढली आणि घाईघाईनं वाडीच्या वाटेला लागला. मला वाटलं, वा, काय मान दिला.

अर्ध्या तासानं वाडीच्या बाजूनं आवाज आला. आधी मला तो रडण्याचा वाटलाच नाही. मग बाया दिसल्या. दहा, वीस, मग मोजता येईनात. त्यांच्या मागं म्हातारे काठ्या टेकत. त्यांच्यातल्या कुणालाच बोर्ड वाचता येत नव्हता किंवा वाचायचं भान नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं एवढंच, की फाट्यावर सात जणांची श्रद्धांजली लागलीय. आणि वाडीतल्या नवरा-बायकोच्या पन्नास-साठ जोड्या उसाच्या फडात, तिकडं लांब कारखान्यांवर. ट्रॉली उलटल्याची बातमी येईल म्हणून तिथली माणसं सहा महिने धास्तीत असतात. सात हार घातलेले फोटो म्हणजे त्यांना दुसरं काय वाटणार?

पुढं होती गयाबाई. तिला सगळी वाडी गयामाय म्हणते. दोन किलोमीटर अनवाणी आली होती. मुलगा भागवत आणि सून दोघंही ऊसतोडीच्या टोळीत गेलेले. नजर अधू झालेली, म्हणून तिनं बांबूला धरलं आणि एकेका चेहऱ्यावर हात फिरवायला लागली. मी धावत गेलो तर तिनं माझा हात पकडला.

"ह्यात माजा भागवत कोन्ता हाय?"

चाळीस वर्षं अक्षरं केली, पण त्या वेळी एक सापडलं नाही. शेवटी म्हणालो, "न्हाई माय. ह्यात तुमचा भागवत न्हाई. वाडीतलं कुणीच न्हाई."

तिनं माझा हात सोडला नाही. बोर्डाकडं तोंड करून विचारलं, "मंग हे कुनाचे हायत?"

तेवढ्यात मॅडम स्कूटीवर आल्या. शाळेत बातमी पोचली होती. त्यांनी लोकांना ओरडून सांगितलं की आपलं कुणी नाही, सगळे सुखरूप आहेत. रडणं थांबलं आणि राग सुरू झाला. पुरुष मंडळी बोर्ड फाडायला निघाली. एक जण मॅडमना म्हणाला की तुमची बदलीच करतो, वर तक्रार करतो, पोरं शिकवायची सोडून माणसं मारता काय. हेडमास्तर आले होते, ते मागच्या मागं शाळेकडं वळले. मी मध्ये पडलो आणि म्हणालो, मॅडमची चूक नाही, त्यांनी सांगितलं तसं मी केलं नाही, मारायचं तर मला मारा. एकानं माझ्या शर्टाला हात घातलाही.

गयामाय बोर्डाखाली बसली होती. तिथूनच म्हणाली, "काडू नगा. आमी रडलोच हाव. आता कुनासाठी रडलो, ते तर कळू द्या."

पुढं आलेले मागं सरले. शर्ट सुटला.

दुसऱ्या दिवशी ठरलेला कार्यक्रम मॅडमनी मग लगेच तिथंच, फाट्यावरच्या लिंबाखाली केला. पाहुणे नाहीत, हार नाहीत, माइक नाही. ऐकायला शंभरभर माणसं, सगळ्यांचे डोळे अजून ओले. मॅडमनी सांगितलं की ही माणसं पृथ्वीच्या बाहेर गेली होती, दोन आठवड्यांहून जास्त दिवस वर राहिली, दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारत होती. काम संपवून घरी निघाली होती. परत येताना यान हवेत शिरतं तेव्हा भट्टीसारखं तापतं, आणि त्यांच्या यानाला निघतानाच एका बाजूला मार लागला होता. तिथून आग आत शिरली. घरची माणसं उतरायच्या जागेवर वाट बघत उभी होती. पोचायला सोळा मिनिटं राहिली होती.

एका म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, ते वर खात काय होते? मॅडमनी ते सांगितल्यावर दुसऱ्यानं विचारलं की तिथून आपला बीड जिल्हा दिसतो का. मॅडम म्हणाल्या, जिल्हा दिसतो, पण तालुक्याच्या हद्दी दिसत नाहीत. यावर पाटोदा आणि आष्टी तालुक्यांच्या हद्दीचा जुना वाद काढून लोक हसायला लागले. सकाळपासून पहिल्यांदा हसले. तिसरा मला म्हणाला, "अवो अप्पा, ती समई न्हाई, यान हाय, असं आधी सांगायचं की." मग तर सगळेच माझ्यावर हसले आणि मला जरा बरं वाटलं.

गयामायनं एकच विचारलं. "त्यांच्या माया हायत का?"

मॅडम म्हणाल्या, काहींच्या असतील. मी त्यांचं तोंड बघितलं. वीस वर्षं हे कात्रण सांभाळलेल्या बाईला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

संध्याकाळी फडातून फोन यायला लागले. सकाळी तिकडं कुणाचाच लागत नव्हता, मोबाइल चार्जिंगला वस्तीवर ठेवलेले. काम उरकून आल्यावर एकेकानं उघडून बघितलं तर वीस-वीस मिसकॉल. भागवतनं शेजाऱ्याच्या फोनवर आईला विचारलं की काय झालं. ती म्हणाली, काही न्हाई, सात मानसं गेली, आपली न्हवती. आणि जेवलास का, ते विचारलं.

आमच्याकडं दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी करून नेतात. त्या रात्रीच्या जेवणाला मॅडमच्या दारात पाच घरांतून भाकरी आली. मॅडम गोंधळल्या, म्हणाल्या, मला कशाला? बाया म्हणाल्या, मंग कुनाकडं न्यावी, तुमीच तर त्यांच्या जवळच्या. मॅडमनी मला हे दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. सांगता सांगता हसत होत्या. लहानपणापासून त्यांनी त्या सात जणांसाठी एकटीनं दुःख केलं होतं. भाकरी घेऊन यावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

मी तो बोर्ड बदलून दिला. नवीन बोर्डावर यान मोठं, पोशाख नारिंगी, 'अंतराळवीर' हातभर. चौकट ठोकून झाल्यावर वीस पावलं मागं गेलो, मग आणखी वीस. बदलीची तक्रार कुणी केली नाही. पण गयामायला मी अनवाणी पळवली, त्याची लाज अजून माझ्या मनातून जात नाही.

गुढीपाडव्याच्या पुढं-मागं ऊसतोडीची माणसं परत आली. एका दुपारी उन्हानं रापलेला, पस्तिशीतला माणूस दुकानात आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "मी भागवत. गयाबाईचा." मला वाटलं, हा आता राहिलेलं मारून जाणार. मी खुर्ची पुढं केली. तो बसला आणि म्हणाला, त्याला ते सात जण बघायचे आहेत.

मी फाइल उघडली. त्यानं एकेक चेहरा बराच वेळ बघितला. नावं विचारली, मी वाचून दाखवली, माझीही जीभ अडखळत होती. जाताना काही झालं नव्हतं का, असं त्यानं विचारलं. मी मॅडमकडून ऐकलेलं सांगितलं, की मार निघतानाच लागलेला, पण घात परतताना झाला.

"आमचं बी तसंच हाय अप्पा," तो म्हणाला. "जाताना सगळे हुशार असत्यात. येताना डायव्हरला घराची घाई. ट्रॉलीला मागं दिवा न्हाई, काई न्हाई. मागून ट्रक येतो, त्याला अंधारात दिसतच न्हाई."

मला माझ्याच दुकानातलं आठवलं. मोटारसायकलच्या नंबरपाट्यांसाठी मी रेडियम ठेवायचो, म्हणजे दिव्याचा उजेड पडला की चमकणारी चिकटपट्टी. कपाटातून लाल रंगाची गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली आणि पडदा ओढून टॉर्च मारला. पट्टी लाल चमकून उठली. भागवतनं ती पट्टी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "सतरा ट्रॉल्यांना पुरंल का?"

बीडहून आणखी मागवली. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी मी वाडीत गेलो. गावाबाहेरच्या मैदानात ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या. मी आणि भागवत सकाळपासून फडकं मारून पत्रा पुसत होतो आणि पट्ट्या लावत होतो. मागच्या फळीवर आडव्या दोन, बाजूंना उभ्या. मुकादम, म्हणजे टोळीचा म्होरक्या, आधी म्हणत होता की ही काय लग्नाची सजावट आहे का. दुपारनंतर तोच वाकडी लागलेली पट्टी दाखवायला लागला. ब्रश सोडल्यापासून एवढं मन लावून मी काही केलं नव्हतं. त्यावर एकही अक्षर नव्हतं, फोटो नव्हता, कुणाचं नाव वर-खाली व्हायची भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला ट्रॅक्टर निघाले. भांडी, सरपण, शेळ्या, सगळं ट्रॉल्यांत भरलेलं. भागवतनं ट्रॉलीतून हात केला. त्याची ट्रॉली शेवटची होती, ती रस्त्याला लागली तेव्हा मॅडमनी स्कूटी वळवून तिचा दिवा त्या दिशेला धरला. पट्ट्या एकदम लालभडक पेटल्यासारख्या दिसल्या. लोक बघत उभे राहिले. गयामाय माझ्या शेजारी होती, डोळ्यांवर आडवा हात धरून.

"किती लांबून दिसतंय हे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "लई लांबून, माय."

ट्रॉली लहान होत गेली. लाल रेघ राहिली, मग ठिपका. पुलाजवळच्या वळणावर तोही गेला. बाकीची माणसं घराकडं वळली. मॅडमनी दिवा बंद केला.

"आजून दिसतंय," गयामाय म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता.

"व्हय," मी म्हणालो. "दिसतंय."

मॅडमनी दिवा पुन्हा लावला, आणि आम्ही तिघं तिथंच उभे राहिलो.